गाडीला शिवलेला कोट

छतावरून

मी एक जुना थर आहे. मित्रांनो, माझ्याबद्दल तुम्ही फारसं ऐकलं नसेल. गाडीचा रंग सगळ्यांना ठाऊक असतो. मी त्या रंगाच्या वर असतो. काचेसारखा, बिनरंगाचा, माणसाच्या केसाहून पातळ. पेंटर लोक मला कोट म्हणतात. मी धड असेन तोवर दिसत नाही. मी दिसायला लागलो, की समजायचं, माझं काम संपत आलं.

आता मी दिसतो.

माझा जन्म कारखान्यातल्या एका बंद खोलीत झाला. तिथे धूळ येऊ नये म्हणून माणसंसुद्धा डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळलेली होती. आधी पत्र्यावर राखाडी हात बसला, मग गडद निळा, आणि शेवटी फवाऱ्यातून मी. मग भट्टीत भाजून मला कडक केलं. काम एवढंच होतं: ऊन, पाणी आणि धूळ निळ्यापर्यंत पोचू द्यायची नाही. तपासनिसाने दिव्याखाली वाकून पाहिलं आणि तो म्हणाला, निळा सुरेख बसलाय. तो माझ्यातून आरपार बघत होता. माझ्या वाट्याची पहिली शाबासकी अशी खालच्या मजल्यावर गेली.

एक आधीच सांगतो. मी एका जागी नाही. मी छतावर आहे, दारांवर आहे, बॉनेटवर आहे. जे जिथून दिसलं, ते तिथून सांगेन. छतावर मी फारसा उरलेलो नाही, म्हणून इथली गोष्ट मधेच तुटेल.

गाडी दोन भावांनी मिळून घेतली. दोघेही शिंपी. थोरला कापायचा, धाकटा शिवायचा. पुढे रस्त्याला लागून दुकान, मागे अंगण. अंगणात डावीकडे थोरल्याच्या घराचं दार, उजवीकडे धाकट्याच्या. मधे गाडी. तयार सूट गाडीतल्या हुकांना टांगून ते गिऱ्हाइकांच्या घरी पोचवायचे. सुट्टीच्या सकाळी दोघे गाडी धुवायचे. थोरला उंच, म्हणून छत त्याच्याकडे. धाकटा बादली भरून द्यायचा आणि म्हणायचा, दादा, टक्कल नीट पूस, गाडीचं म्हणतोय मी. मग ओला फडका त्याच्या तोंडावर बसायचा.

त्या दिवसांत माझ्यावर पाणी पडलं की त्याचे गोल थेंब व्हायचे आणि ते

(इथला तुकडा उडाला. पुढचं डाव्या दारावरून.)

डाव्या दारावरून

भांडण एका बाहीवरून झालं. एका मुख्याध्यापकांचा निरोपसमारंभ होता. त्यांच्या कोटाची उजवी बाही दीड इंच आखूड निघाली. वेळ उरला नव्हता. त्यांनी हात पाठीमागे बांधून भाषण केलं. थोरला म्हणाला, मी बरोबर कापलं होतं, शिवणीत तू खाल्लंस. धाकटा म्हणाला, जेवढं दिलंस तेवढंच शिवलं. बाही उसवून मोजली असती तर पाच मिनिटांत कळलं असतं. मुख्याध्यापक कोट परत द्यायला तयार होते. तो कुणी मागितला नाही.

त्या संध्याकाळपासून बोलणं बंद. तीन वर्षं. दुकानाच्या मधोमध प्लायवूड उभं राहिलं. थोरला कापलेलं बाहेर शिवायला देऊ लागला, धाकटा बाहेरून कापून आणू लागला. गाडीची चावी थोरल्याकडे होती आणि कागद धाकट्याकडे, त्यामुळे गाडी होती तिथेच राहिली. दोघांच्या बायका मागच्या नळावर रोज बोलत आणि एकमेकींना वाटीभर साखर देत. म्हातारी आई थोरल्याकडे जेवायची, धाकट्याकडे झोपायची. ती म्हणायची, "एकाने चावी दाबलीय, एकाने कागद. मधे आम्ही दोघी उन्हात. मी आणि गाडी."

एकदा तिने गाडी विकून टाका म्हणून दोघांना वेगवेगळं बजावलं. धाकटा उठून गेला. थोरला माझ्याजवळ, या दाराला टेकून उभा होता. तो म्हणाला, "विकली तर आमच्या दोघांत मग उरलं काय?" आईने पुन्हा विषय काढला नाही.

मित्रांनो, दोघे गाडी धूत मात्र होते. थोरला त्याच्या दारासमोरची डावी बाजू, धाकटा उजवी. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या बादल्यांनी. छत, बॉनेट आणि डिकी मधे येत होती. ती कुणाचीच नव्हती. छतावर हात लावला तर दुसऱ्याला वाटायचं, हा हक्क सांगतोय. न लावला तर कुणालाच काही वाटत नव्हतं. म्हणून कुणी लावला नाही.

ऊन वरून पडतं. पक्षी वरून घाण करतात. झाडाचा चीक वरून गळतो आणि वाळतो. दारांवर मी चकचकीत राहिलो आणि वर मरत गेलो. आधी दूध सांडून वाळल्यासारखे डाग पडले. मग कडा उचलल्या. मग पापुद्रे सुटले, उन्हाने सोललेल्या पाठीसारखे. दुखलं का, असं तुम्ही विचाराल. नाही. सुटलेल्या भागाचं मला काही कळत नाही. एवढं कळतं, की आधी तिथे मी होतो.

मागच्या गल्लीतला गाड्यांचा पेंटर आपली पँट घ्यायला थोरल्याकडे आला. जाताना त्याने बॉनेटवर नख घातलं. माझा तळहाताएवढा तुकडा त्याच्या नखाबरोबर निघाला. त्याने तो फुंकून टाकला आणि घाईत म्हणाला, "कोट गेलाय हिचा. नवा कोट चढवा. नाहीतर वर्षभरात रंग जाईल आणि मग पत्रा."

एवढं बोलून तो निघून गेला. तो बोलला ते एका शिंप्याशी.

दुसऱ्या दिवशी दुपारी थोरला गळ्यात टेप घालून आला आणि गाडीचं माप घ्यायला लागला. लांबी, रुंदी, बॉनेटचा उतार. आरशाचा घेर त्याने दोनदा मोजला. आईने विचारलं तेव्हा त्याने सांगितलं, की गाडीला कोट लागतो, पेंटरच म्हणाला. आई म्हणाली, बटणं पुढे लावणार की मागे? त्याने बॉनेटकडे पाहिलं, मग डिकीकडे. तो विचार करत होता.

कापड त्याने जाड घेतलं, रेनकोटचं, आत अस्तर. आरशांसाठी दोन बाह्या काढल्या. कापणं त्याच्या हातातलं होतं, ते नेमकं झालं. पण शिवणं आयुष्यात त्याच्याकडे कधी आलंच नव्हतं. भाड्याच्या मशीनवर बसून त्याने आठ दिवस शिवलं. धागा कुठे घट्ट, कुठे सैल. शिवणीचा जाड भाग आत आला. धूळ झटकायचं राहून गेलं आणि त्याने कोट तसाच माझ्यावर चढवला.

उजव्या दारावरून

धाकट्याच्या बाजूची शिवण सगळ्यात वाकडी होती. तो चार दिवस तिच्याकडे बघत होता. चहा घेऊन यायचा, बघायचा, आत जायचा. पाचव्या दुपारी थोरला झोपला असताना त्याने कोट उतरवला, खांद्यावर टाकला आणि नेला. थोरला उठला, गाडी उघडी बघितली, उंबऱ्यावर बसला. समोरच्या घरात मशीन चालू असल्याचा आवाज त्याला येत होता. 

सकाळी कोट परत गाडीवर होता. सगळी शिवण उसवून नव्याने घातलेली, सरळ, दुहेरी. थोरल्याने तिच्यावरून बोट फिरवलं, पुढून मागेपर्यंत. मग तो बॉनेटपाशी थांबला. तिथे कापड सैल पडत होतं. त्याने खिशातून खडू काढून तिथे फुली मारली.

शिंप्यांमध्ये फुली म्हणजे इथे आत घे. दोन रेघा म्हणजे इथे सोड. या भावांचं आयुष्य या दोन खुणांवर गेलं होतं. संध्याकाळी धाकट्याने फुली पाहिली आणि कोट नेला. बॉनेटवर तो चापून बसला. मग डाव्या आरशाच्या बाहीवर दोन रेघा आल्या. मग डिकीवर फुली. एकदा थोरल्याने फुली मारली आणि धाकट्याने ती पुसून तिथेच दोन रेघा मारल्या. दोन दिवस तसंच राहिलं. तिसऱ्या दिवशी थोरल्याने रेघांखाली खडूने टिंब दिलं, म्हणजे मान्य.

असा दीड महिना गेला. ते बोलत होते, असं म्हणता येईल. माझ्या अंगावरच्या कापडावर.

खाली मी होतो. कोटाच्या आत वाफ धरायची. उन्हात कापड तापायचं, पहाटे घाम यायचा, तो दुपारपर्यंत सुकायचा नाही. वाऱ्याने कापड हललं की अडकलेली धूळ मला घासायची. कोट उतरवला की माझे पापुद्रे अस्तराला चिकटून निघायचे. धाकटा मशीनवर घेण्याआधी ते ब्रशने झाडून टाकायचा, धाग्यांचे तुकडे झाडावेत तसे. कोट दर वेळी जास्त चांगला बसत होता. मी दर वेळी कमी होत होतो. ते दोघे शिवणीकडे बघत होते. त्यांच्याबद्दल मला राग नाही. राग यायला अंग लागतं.

मग पेंटर दुसरी पँट घेऊन आला. थोरला डावीकडे उभा होता, धाकटा उजवीकडे. पेंटरने गाडीचा कोट पाहिला, आरशांच्या बाह्या पाहिल्या आणि हसत हसत पायरीवर बसला. म्हणाला, आता एक टोपी शिवा, लग्नाला न्यायची असेल. मग उठून त्याने कापड वर केलं आणि त्याचं हसणं थांबलं. छतावर निळाही फिका पडला होता. कडेला तपकिरी ठिपके होते.

त्याने त्यांना समजावलं. हळू, एकेक शब्द, लहान मुलांना सांगतात तसं. कोट म्हणजे कापड नव्हे. रंगावरचा तो पारदर्शक थर. हे कापड घालून तुम्ही त्याला वाफेवर शिजवलंत. याला ठिगळ चालत नाही, रफू चालत नाही. वरचं सगळं घासून काढायचं, निळ्याचा एक हात, मग नवा थर. दारं चांगली आहेत, ती राहू द्या. आणि हे या आठवड्यात झालं नाही, तर गंज पत्रा खाईल. मग भंगारवाल्याला बोलवा.

दोघे भाऊ कापडाकडे बघत राहिले. मग थोरला आत गेला. त्याने चावी आणली. ती धाकट्याच्या हातात दिली नाही, छतावर ठेवली. धाकट्याने ती उचलली.

बॅटरी कधीच गेली होती. गाडी ढकलत न्यायची होती. स्टिअरिंग धाकट्याच्या बाजूला. थोरल्याने मागून जोर लावला. गाडी हलली नाही. त्याने पुन्हा लावला. मग तीन वर्षांनी तो भावाशी पहिल्यांदा बोलला.

"हँडब्रेक काढलास?"

"थांब. काढतो."

एवढंच. पुढे मागच्या गल्लीपर्यंत दोघांनी गाडी ढकलत नेली.

बॉनेटवरून

मी आता इथे बोलतोय. घाई आहे.

पेंटरकडे हात कमी होते. त्याने भावांना ओला पॉलिश पेपर दिला, पाण्याचा डबा दिला आणि शिकवलं. गोल फिरवायचं नाही, एका दिशेने घासायचं. नख अडकणार नाही इतकं गुळगुळीत झालं पाहिजे. आणि दोघांच्या मधे रेघ राहू द्यायची नाही. एकाचा हात दुसऱ्याच्या भागात थोडा गेला पाहिजे. रेघ राहिली तर नव्या थराखालून ती कायम दिसेल.

छत झालं, कारण छत त्यांनी पाळीपाळीने घासलं. डिकी छोटी, ती पेंटरने घेतली. बॉनेटवर दोघे समोरासमोर आले. थोरला डावीकडून घासत आला, धाकटा उजवीकडून. माझं पांढरं पाणी दोन्ही बाजूंनी चाकांवर उतरलं. मधे तीन बोटांची पट्टी उरली तेव्हा दोघे थांबले. पेपर धुतला. पिळला. पुन्हा धुतला. पेंटर जेवायला गेला होता.

त्या पट्टीवर मी आहे.

धाकटा म्हणाला, "मधलं राहिलंय."

"दिसतंय मला."

 नळ गळत होता.

"तुझा हात हलका आहे," थोरला म्हणाला. "तू घे."

"एकट्याने घेतलं तर रेघ राहते. तो म्हणाला ना."

मित्रांनो, तुम्ही म्हणाल, आता तुला बरं वाटलं असेल. मला माहीत नाही. थोरल्याने पेपर पट्टीवर ठेवला. धाकट्याने समोरून ठेवला. दोघांची बोटं एकमेकांच्या वाटेत येत होती आणि ते ती बाजूला घेत नव्हते. पाणी थंड होतं. मला एवढंच सांगायचं होतं की जे दोघांच्या मधे असतं ते

उजव्या दारावरून

बॉनेटवर आता मी नाही. जे उरलंय ते इथून संपवतो.

हात फिरवला तर कुठे काही लागत नाही. पेंटर आला, त्याने डोळे मिटून तळहात फिरवला आणि जमलं म्हणाला. उद्या निळा, परवा नवा थर. तो माझ्यासारखाच असेल. दिसणार नाही, म्हणून त्याला कुणी शाबासकी देणार नाही. तो तक्रारही करणार नाही. त्याच्या अंगावर कापड घालू नका. घातलंच, तर आधी धूळ धुवा.

तुमच्याही घरात असं काही असेल, ज्याची एक बाजू तुम्ही पुसता आणि दुसरी कुणीतरी. त्याचं छत कोण धुणार, तेवढं आधी ठरवून घ्या.