गाठ घट्ट मार

मी डावा बूट बोलतोय. उजवा माझा जुळा भाऊ, पण त्याचं बोलणं कमी आणि कुरकुर जास्त. शाळेच्या फुटबॉल संघातले गोल मात्र बहुतेक माझ्या नावावर आहेत, कारण आमची चिमणी डावखुरी!

खेळाच्या खोलीतलं लोखंडी कपाट हे आमचं घर. बूट शाळेचे, त्यामुळे इथे एक रिवाज आहे. पाय वाढला की जोड लहान मुलीला द्यायचा आणि पहिल्या दिवशी देणारीनंच तिच्या नाड्या बांधायच्या. बांधताना अंगठ्यानं पुढचं टोक दाबून माप बघायचं.

मला चिमणीच्या पायात घातलं ते तेव्हाच्या कॅप्टन ताईनं. चिमणी संघातली लिंबूटिंबू. तिचा पाय आत जाऊनही माझ्यात आणखी एक बिऱ्हाड राहिलं असतं. तिची आई शिवणकाम करायची. तिनं निळ्या कापडाची चिंधी माझ्या नाकात कोंबली, तेव्हा कुठे पाय बसला.

पहिल्याच सामन्यात चिमणीनं ताईची गाठ सोडून स्वतःची मारली. दिसायला सुरेख, कामाला शून्य. गोलसमोर तिनं जोरात लाथ मारली आणि चेंडूबरोबर मीही उडालो. समोरच्या गोलकीपरनं झेप घेतली आणि मलाच छातीशी कवटाळलं. चेंडू तिच्या बाजूनं रमतगमत आत गेला. सरांनी आधी पोट धरून हसून घेतलं, मग शिट्टी वाजवून गोल दिला. चिमणी लंगडी घालत मला न्यायला आली. त्या क्षणापासून मी तिचा झालो.

मग पाय वाढत गेला. चिंधी निम्मी झाली, पुढे निघालीच. एक अख्खं वर्ष आम्ही एकमेकांना असे बसलो की काय सांगू! त्या वर्षी तिला उंची आली आणि सरांशी वाद घालायची अक्कलही आली. आम्ही चिखल खाल्ला, सामने हरलो, जिंकलो. फार मजेचे दिवस होते ते.

आणि मग मी आवळायला लागलो. कपाटात मोठा जोड नव्हता आणि बुटांशिवाय सर कुणालाच मैदानात उतरू देत नसत. तिचा शाळेतला शेवटचा सामना तोंडावर आलेला. चिमणीनं कुणाला काही कळू दिलं नाही. बोटं दुमडून पळायची. अंगठ्याचं नख काळं पडलेलं एकट्या मला माहीत होतं. मी सैल व्हायची पराकाष्ठा केली, पण कातडं ताणून किती ताणणार?

सामन्याच्या दिवशी ताई बघायला आली. आता ती बेकरीत कामाला होती आणि काम सुटलं की मोठ्यांच्या संघात खेळायची, त्यामुळे बुटांची पिशवी पाठीवरच. जुन्या सवयीनं ती चिमणीच्या नाड्या बांधायला खाली बसली. अंगठ्यानं माझं टोक दाबलं आणि थांबली.

"किती दिवस दुखतंय?"

"दुखत नाहीये."

"मीही असंच सांगायचे. काढ ते."

चिमणी रडकुंडीला आली. "मग मी खेळू कशी?"

ताईनं पिशवीतले स्वतःचे बूट काढले, तिच्या पायात घातले आणि नाड्या बांधल्या.

मी पहिल्यांदाच बाकाखालून सामना पाहिला. तिनं गोल मारला, तोही परक्या डाव्या बुटानं. खोटं कशाला बोलू, माझ्या पोटात दुखलं. पण गोल मारून ती दोन्ही हात पसरून धावत सुटली, अजिबात न लंगडता, आणि मी सगळं विसरलो. उजवासुद्धा कुरकुरला नाही.

सामना संपल्यावर ती थेट बाकाकडे आली. तिथे संघातली नवी लिंबूटिंबू पाय हलवत बसली होती. चिमणीनं दप्तरातून तीच निळी चिंधी काढली, माझ्या नाकात कोंबली आणि गुडघ्यावर बसून नाड्या बांधल्या.

"हा डावा जरा उडतो," ती म्हणाली. "गाठ घट्ट मार."

पोरी, ऐक हं तिचं. पण एखाद्या दिवशी विसरलीस, तर माझी काही तक्रार नाही.