पहिला पेला

आमच्या घरात कीर्तनाचा एकच नियम. कीर्तनकार उभा असताना आपण मध्येच उठायचं नाही. पायाला मुंग्या येवोत, तहान लागो, मागं काहीही पडो. देवयानी चार वर्षांची असल्यापासून माझ्या मांडीला मांडी लावून हा नियम पाळत आली आणि मोठी झाल्यावर स्वतःच कीर्तन शिकली. तिचं पहिलं जाहीर कीर्तन त्या दिवशी होतं. होटगीच्या वाटेवरच्या मैदानात सेंद्रिय महोत्सव भरला होता, तिथं, दुपारी चार वाजता.

आम्ही मायलेकी शुक्रवार पेठेतून दहालाच पोचलो. झांजा, बुक्क्याची डबी आणि तिचं नऊवारी एवढंच सामान. मैदानभर कडब्याचे मांडव, हुरड्याच्या आगट्या, लाकडी घाण्याचं तेल, मातीची भांडी. माणसं खुशीत होती. धूर मात्र वर जाईना. वारा पडला होता आणि तो नुसता गुडघ्याएवढ्या उंचीवर साचून राहिला होता.

आमच्या गल्लीतला आशिष पुण्याची नोकरी सोडून आलेला. त्याच्या मांडवात पत्र्याचे ट्रे होते आणि त्यांत वीतभर उंचीची हिरवीगार पाती.

"गहू का रे?" मी विचारलं.

"काकू, गव्हांकुराचा रस अख्खी दुनिया पिते. सोलापूरकरानं गहू कशाला पेरायचा? ही मालदांडी ज्वारी. बारा दिवसांची."

"ज्वारीच्या पात्याचा रस? कधी ऐकलं नाही बाई."

"म्हणूनच तर! आपली भाकरी ज्वारीची, हुरडा ज्वारीचा, मग रसानं काय घोडं मारलंय?" त्यानं रसाचा भरलेला कॅन थोपटला. "पन्नास पेल्यांचा काढून ठेवलाय. पण पहिला पेला देवयानीला, कीर्तनात. तोवर कुणाला थेंब विकायचा नाही. मीसुद्धा चाखलेला नाही."

देवयानी हसली. "कीर्तनाआधी मी जेवत नाही दादा. उपाशीपोटी कडू नको वाटायला."

"गूळ घालतो की."

"नको, नको. गुळानं घसा चिकटतो. नुसताच दे."

मी ट्रेवर वाकून वास घेतला. ओल्या गवताचा वास, आणि त्याच्याखाली जर्दाळूची बी फोडल्यावर येतो तसला काहीतरी. एकदम वैरागचे मामा आठवले. पेरणीनंतर महिनाभर ते गुरांना ज्वारीच्या रानाकडं फिरकू द्यायचे नाहीत. मी विचारलं की म्हणायचे, "तितं किराळ असतंय, पोरी." मी समजायचे, किराळ म्हणजे पिकात राहणारं भूत. संध्याकाळी त्या बांधावरून जाताना मी देवाचं नाव घेत पळत सुटायचे. साठीला आले तरी ते भूत मनातून गेलं नव्हतं. स्वतःशीच हसले आणि सवयीनं दोनदा नाव घेतलं.

शेजारी देशी गुरांचा मांडव होता. अक्कलकोटकडचा तिप्पण्णा खिलार वासरू घेऊन आला होता. वासराचं नाव शिवू.

"हात लावा की अक्का, लई गरीब हाय," तिप्पण्णा म्हणाला. "माझ्या बायकोपेक्षा गरीब."

शिवूनं माझा तळवा चाटला. खरखरीत, गरम जीभ.

तीनच्या पुढं तिप्पण्णा भाकरी खायला गेला. आशिषनं रसाचा उरलेला चोथा आणि राहिलेली पाती पाटीत भरली. "आपल्याकडं काही वाया जात नाही," असं लोकांना सांगत त्यानं पाटी शिवूपुढं ठेवली. लोकांनी फोटो काढले. शिवूनं पाटी चाटून पुसून साफ केली.

पावणेचारला देवयानीचा पदर सारखा करून मी निघाले, तेव्हा शिवू चारी पाय फाकवून उभा होता. तोंड उघडं, बरगड्या भात्यासारख्या हलत होत्या. ऊन तर उतरलेलं होतं. कुणाला तरी सांगावं असं मनात आलं. तेवढ्यात पेटीचा सूर लागला आणि मी पहिल्या रांगेत जाऊन बसले.

पोर काय गायली! पूर्वरंगात तिनं एकच गोष्ट धरली: अन्न पोटात जायच्या आधी मनात जातं, तिथं ते प्रसाद झालं पाहिजे. माझे डोळे भरून आले. मागं काही गडबड झाली. मी वळले नाही.

पूर्वरंग संपला की कीर्तनकाराला हार घालतात, बुक्का लावतात, श्रोते नामघोष करतात, आणि तेवढ्या वेळात तो घोटभर काही पिऊन आख्यानाला लागतो. आशिष स्वतः पेला घेऊन वर गेला. झांजा सुरू झाल्या. "विठ्ठल विठ्ठल" म्हणत सगळं मैदान डोलायला लागलं. त्या गजरातून मागून एक आवाज फाटत आला.

"किराळ! किराळ लागलं हो!"

"कुणाला हाक मारतोय?" माझ्या मागची बाई म्हणाली.

"कराळे म्हणून कुणी असतील."

"कराळेंना म्हणावं, कीर्तनात तरी फोन बंद ठेवा."

दोघी तोंडाला पदर लावून हसल्या. मी वळले. आयुष्यात पहिल्यांदा कीर्तनात मागं वळून पाहिलं. गुरांच्या मांडवात शिवू आडवा पडला होता, मान उलटी, तोंडाला फेस. तिप्पण्णानं रिकामी पाटी हातात उंच धरली होती आणि तो ओरडत होता, "कोवळी जवारी कुणी घातली? इख हाय ते!"

मी उभी राहिले. नामघोषात माझा आवाज पोचणार नव्हता. पण देवयानीनं मला उभं पाहिलं आणि तिचा हात जागीच थांबला. आई कीर्तनात उठत नाही, हे तिच्याइतकं कुणाला माहीत? पेला खाली आला.

मी मंचावर चढले आणि पेल्यात पाहिलं. अर्धा रिकामा होता.

"आई, काय झालं?"

"किती प्यालीस?"

"पाहिलास तेवढाच." तिनं कपाळावर हात धरला. "गरगरतंय गं जरा. उपास ना."

ते ऐकून आशिषचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला. गाडी त्याचीच, चालवायलाही तोच. ती काय प्याली ते कळताच तिप्पण्णा मेलेलं वासरू तिथंच टाकून तांब्यात गूळ कालवत गाडीत चढला. "गुळाचं पानी पाजा, अक्का. आमी जनावराला हेच देतो. मानसाचं मला ठावं न्हाय. गाडी दवाखान्याकडं काढ, लेका, बघतोस काय!"

तिनं दोन घोट घेतले. "घसा चिकटतोय," म्हणाली आणि हसायला गेली. ओठ निळसर नव्हते. उलट गाल लाल होते, फार लाल, एखाद्या नवरीसारखे. शिवूच्या उघड्या तोंडातून दिसलेली जीभही तशीच लाल होती. मी ते तिला सांगितलं नाही.

"म्हणत राहा," मी म्हणाले. "मी सांगेपर्यंत नाम थांबवू नकोस."

ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून म्हणायला लागली. विठ्ठल. विठ्ठल. होटगी रस्त्यावर गर्दी होती, आशिष हॉर्न दाबून होता, तिप्पण्णा खिडकीतून हात बाहेर काढून लोकांना बाजूला करत होता. मला यातलं काही ऐकू येत नव्हतं. आयुष्यभर मी कीर्तन शब्दांसाठी ऐकलं. आता दोन नामांच्या मधला श्वास ऐकत होते. आधी एका श्वासात चार नामं होत होती, मग तीन.

रेल्वेच्या बंद फाटकापाशी गाडी थांबली, तेव्हा एका नामाला दोन श्वास लागत होते. मी तिच्याबरोबर म्हणायला लागले, म्हणजे तिचं राहून गेलं तर मधली जागा रिकामी पडायला नको.