गाऱ्हाण्याची क्लिप

सुयोग घाडीगावकर साकीनाक्याच्या कंपनीत लागला, तेव्हा घाटकोपरला त्यांच्या मजल्यावर कोणालाच कळेना, हा तिथे करतो काय. कंपनीने माणसाचं बोलणं समजणारं मशीन काढलं होतं. कुठल्याही गावचा माणूस फोनवर कसाही बोलो, मशीन त्याचं काम करून देणार. या मशीनचं कौतुक जगाला सांगायचं, ही सुयोगची नोकरी. "म्हंजे दवंडी पिटूची," आई जानकी म्हणाली. तिचं काही चुकलं नव्हतं.

पहिल्याच दिवशी स्वारी घाईत निघाली, देवापुढे उभीसुद्धा राहिली नाही. घाडीगावकरांकडे हे चालत नाही. गावी देवाला गाऱ्हाणं घालायचा, म्हणजे सगळ्यांच्या वतीने मागणं मागायचा मान या घराचा. सुयोगचे बाबा काशीराम गिरणीत होते तेव्हाही त्यासाठी रजा टाकून गावी जायचे. ते गप्प बसतात होय? त्यांनी नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं फोनवर रेकॉर्ड करून पोराला पाठवलं. "बा देवा म्हाराजा, तुज्या लेकरान आज नवी नोकरी धरल्यान हा. तेच्या वाटेत कोण आडवो इलो तर तेका बाजूक कर, आनि लेकराक येश दी रे म्हाराजा..." शेवटी ते थांबले होते, ऐकणाऱ्याने 'व्हय म्हाराजा' म्हणावं म्हणून. सुयोगने उत्तरादाखल अंगठा पाठवला.

पुढच्या आठवड्यात लाँचची फिल्म करायची होती. "ऐकून कोणाला काही कळणार नाही असं बोलणं हवंय यार," त्याची बॉस गंधाली म्हणाली. नव्या माणसाला छाप पाडायची घाई. सुयोगने ती क्लिप लावली.

"झकास! कोण आहेत हे?"

"कोणी नाही. गावच्या ग्रुपवर आली होती."

बापाला कोणी नाही म्हणाला! जनाची नाही तर मनाची तरी ठेवावी माणसाने. पण मन तेव्हा फिल्मच्या शेवटच्या ओळीत गुंतलं होतं.

लाँचच्या दिवशी अंधेरीच्या हॉलमध्ये फिल्म लागली. काशीरामांचा आवाज घुमला आणि पडद्यावर इंग्रजीत सुयोगचीच ओळ आली: असं बोलणाऱ्यांचंही आम्हाला कळतं. लोक हसले. काशीराम थांबले तिथे तर जास्तच हसले. गंधालीने वळून सुयोगकडे पाहिलं, तसा तोही हसला. हसताना त्याचे कान तापले होते.

कंपनीने फिल्म लगेच नेटवर टाकली. संध्याकाळी सुयोग घरी पोचायच्या आधीच शेजारच्या पोराने ती मजलाभर दाखवली होती. आता बाबा जोड्याने मारतील, असं म्हणतच सुयोग जिना चढला. मारलं असतं तर बरं झालं असतं. दार उघडंच होतं, जानकी पेढे वाटत होती आणि काशीराम इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते.

"येवढ्या मोठ्या लोकांसमोर माजा गाऱ्हाणा लावलंस?"

"हो, बाबा."

"किती माणसां होती?"

"दोनशे असतील."

"मगे 'व्हय म्हाराजा' मोठ्यान झाला आसतला." काशीराम खूश होते. "व्हय म्हणणारे होये रे. नायतर गाऱ्हाणा देवाक पोचणा नाय."

खोटं बोलणं सोपं होतं. एक 'हो' म्हटलं की पेढा तोंडात. पण सुयोगला त्या चेहऱ्याकडे बघवेना.

"कोणी नाही म्हटलं, बाबा. हसले सगळे."

जानकीचा हात पेढ्यांच्या बॉक्सवरच राहिला.

"आनि तू?"

"मीपण हसलो."

काशीराम उठले. त्यांनी देवापुढे दिवा लावला आणि हात जोडले. आवाज तोच होता, क्लिपमधला.

"बा देवा म्हाराजा, पोराचा काय चुकला-माकला आसात तर ता पदरात घे रे म्हाराजा..."

आणि ते थांबले.

सुयोगने तोंड उघडलं. लाजेने ते दोन शब्द म्हणवेनात. काशीराम हात जोडून तसेच थांबून राहिले. शेवटी मागून जानकीने एकटीनेच म्हटलं, "व्हय म्हाराजा."