सराईत मावशी

"मावशी, तुम्ही पुढे व्हा," शिवणबाई म्हणाल्या आणि स्वतः दोन पावलं मागे सरकल्या. "तुम्हाला सवय आहे."

"पुढे कशाला? मधल्या डब्यात चांगलं असतं," मावशी म्हणाल्या.

"तुम्हीच तर सांगायचात, खरी मजा पहिल्या डब्यात म्हणून."

मावशींना आठवलं. सांगायच्या खऱ्या. त्यांनी मान वर करून पाहिलं. डोक्यावर लोखंडी खांबांचं जंगल उभं होतं आणि त्यातून रोलर कोस्टरचे रूळ एखाद्या तापट माणसाने रागारागाने वाकवल्यासारखे वर, खाली, उलटे, तिरके गेले होते. तेवढ्यात एक गाडी धडधडत गेली आणि तिच्यामागून माणसांच्या किंकाळ्या गेल्या. रांग चार पावलं पुढे सरकली.

"तहान लागली मला," मावशी म्हणाल्या. "पाणी पिऊन येते."

"आत्ताच प्यायलात की," मागून लायब्ररीताई म्हणाल्या. "आणि रांग सोडलीत तर आम्ही दोघी काय करायचं? डोळे कधी मिटायचे ते आम्हाला कोण सांगणार?"

मावशी रांगेतच राहिल्या.

सत्तावीस वर्षं त्या एकाच शाळेत मदतनीस होत्या. घंटा द्यायची, पाण्याच्या टाक्या भरून घ्यायच्या, खरचटलेले गुडघे धुवायचे, एका पायात बूट घालून रडत उभ्या असलेल्या पोराचा दुसरा बूट शोधायचा. शिवणबाई त्याच शाळेत शिवण शिकवायच्या. दोघी एकाच महिन्यात निवृत्त झाल्या आणि दोघींना एकसारखी भिंतीवरची घड्याळं मिळाली. "आता वेळच वेळ आहे, तर घड्याळ कशाला?" असं तेव्हा लायब्ररीताई म्हणाल्या होत्या. त्यांची स्वतःची शाळेच्या लायब्ररीतली दोन वर्षं अजून बाकी होती.

मधल्या सुट्टीत तिघी शिवणाच्या खोलीत डबे उघडायच्या, कारण तिथे पंखा होता आणि कापड बेतायचं मोठं टेबल होतं. जेवणं झाली की मावशी लोहचुंबक फिरवून जमिनीवरच्या टाचण्या गोळा करायच्या. त्यातून निसटलेली एखादी टाचणी पायाला लागली की शिवणबाई वर्गाला नव्हे, लोहचुंबकाला बोल लावायच्या. रोलर कोस्टरची गोष्ट रंगायला लागली ती याच टेबलाशी.

अकरा वर्षांपूर्वी शाळेची सहल पहिल्यांदा इथे आली. मुलांना सांभाळायला शिवणबाई आणि बॅगा सांभाळायला मावशी. दुसऱ्या दिवशी लायब्ररीताईंनी सहज विचारलं, "मग मावशी, तुम्ही बसलात का त्या गाडीत?" आणि मावशी म्हणाल्या, "बसले ना." मग त्यांनी जे वर्णन केलं, ते ऐकताना लायब्ररीताईंचा घास हातातच राहिला. पुढे दरवर्षी सहल झाली आणि दरवर्षी वर्णनात भर पडत गेली. पहिला चढ आला की दात आवळून धरायचे. तिसऱ्या वळणावर पोट डावीकडे जातं आणि आपण उजवीकडे. उलटं झाल्यावर आभाळ पायाखाली येतं, तेव्हा बुटांकडे बघायचं नाही. शिवणबाई स्वतः उंचीला भ्यायच्या. मुलांबरोबर त्या होड्यांत आणि झोपाळ्यांत बसायच्या आणि मोठ्या गाडीपाशी खालूनच डोकी मोजत उभ्या राहायच्या. त्यामुळे मावशींचं ऐकून त्याही मान डोलवायच्या.

निवृत्तीनंतर कुठेतरी जायचं असं ठरलं, तेव्हा लायब्ररीताईंनीच जागा सुचवली. "मावशींनी अकरा वेळा मजा केली. आपण एकदा तरी करू. वाटाड्या घरचाच आहे."

सकाळपासून वाटाड्याने काम चोख केलं होतं. एका तिकिटात दोन पार्क होती, एक पाण्याचं आणि एक कोरडं. पाण्याच्या पार्कमध्ये कुठल्या बाकावर किती वाजेपर्यंत सावली असते, हे मावशींना पाठ होतं. स्वच्छ संडास कुठला, थंड पाण्याचा नळ कुठला, हरवलेली मुलं कुठल्या खिडकीत आणून बसवतात, सगळं ठाऊक. टायरमध्ये बसून संथ पाण्यातून वाहत जायची एक राइड होती. तिच्यात तिघी तरंगल्या, तेव्हा लायब्ररीताईंचा टायर उलट्या तोंडाने फिरला आणि त्या पूर्ण फेरीभर मागच्या अनोळखी कुटुंबाकडे बघत, हसत, नमस्कार करत गेल्या.

कोरड्या पार्कमध्ये मात्र गडबड झाली. आरसेमहालात मावशी पहिल्याच वळणावर काचेवर नाक आपटून घेऊन बाहेर आल्या.

"आरसे बदललेत वाटतं," नाक चोळत त्या म्हणाल्या.

भुताच्या गुहेत त्यांनी आधीच सांगून ठेवलं की सांगाडा उजवीकडून येतो. तो डावीकडून आला. शिवणबाई किंचाळल्या.

"जागा बदलली मेल्याने," मावशी म्हणाल्या.

शिवणबाईंनी तेव्हा त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं होतं. उसवलेली शिवण त्या वर्गाच्या दारातून ओळखायच्या.

आता रांग संपली. फाटकापाशी एक जाडजूड बाई प्रत्येकाच्या मनगटावरचा कागदी पट्टा बघून आत सोडत होती. मावशींनी हात पुढे केला आणि विचारलं, "हा चालेल ना?"

"चालेल की. सगळ्यांना तोच असतो."

"निळाच लागतो ना?"

"अहो आजी, निळाच आहे. चला पुढे."

तरी मावशी फाटकातून आत जाईपर्यंत त्या बाईकडे बघत होत्या. पहिला डबा भरला होता. दुसऱ्यात मावशी आणि शिवणबाई शेजारी शेजारी बसल्या. लायब्ररीताई मागच्या डब्यात, एका मिशीवाल्या गृहस्थांच्या शेजारी. बाकी सगळ्यांनी समोरची दांडी ओढून पोटाशी घेतली. मावशी मांडीवर हात ठेवून, वर्गाबाहेरच्या स्टुलावर बसावं तशा बसून राहिल्या. शेवटी शिवणबाईंनीच त्यांची दांडी ओढली.

"मावशी?"

"हो हो. विसरलेच."

गाडी हलली. एक वळण घेतलं आणि चढाला लागली. खालून साखळी खडखड वाजत होती आणि आभाळ सरळ समोर आलं होतं.

"बाई, एक सांगू का?"

"डोळे कधी मिटायचे तेवढं सांगा. बाकी नंतर."

"ते मला माहीत नाही."

"म्हणजे?"

"मी यात कधी बसलेच नाही."

साखळी खडखडत होती. शिवणबाईंनी हळूच मान वळवली. खाली बघायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं, त्यामुळे त्या फक्त मावशींच्या कानाकडे बघत राहिल्या.

"अकरा वेळा बसलात ना?"

"एकदाही नाही."

"आणि हे आत्ता सांगताय?"

"खाली सांगायचा धीर होईना."

मागून लायब्ररीताईंचा आवाज आला. "काय म्हणतायत त्या? कधी मिटायचे डोळे?"

"त्यांनाही माहीत नाही," शिवणबाई ओरडून म्हणाल्या.

"त्यांना नाही तर कुणाला माहीत?"

गाडी माथ्यावर पोचली आणि साखळीचा आवाज थांबला. हे कुठल्याच पोराने कधी सांगितलं नव्हतं. परतीच्या बसमध्ये उलटीच्या पिशव्या हातात धरून मावशींनी पोरांच्या तोंडून चढ ऐकला होता, उतार ऐकला होता, तिसरं वळण तर शंभर वेळा ऐकलं होतं. पण वर गेल्यावर क्षणभर सगळं गप्प होतं, एवढं गप्प की दूर कुणीतरी गच्चीवर चादर झटकतंय तेही दिसतं आणि त्याचा आवाज यावा असं वाटतं, हे कुणी बोललं नव्हतं. मावशींनी ती चादर नीट पाहून घेतली. पांढरी होती.

मग गाडी खाली कोसळली.

शिवणबाईंनी आपल्या आईला हाक मारली. मागच्या डब्यात लायब्ररीताईंनी मिशीवाल्या गृहस्थांचा दंड धरला तो गाडी थांबेपर्यंत सोडला नाही. मावशी मात्र दात आवळून, दोन्ही हातांनी दांडी घट्ट धरून बसल्या होत्या. तिसऱ्या वळणावर पोट डावीकडे गेलं नाही. उजवीकडे गेलं.

उतरल्यावर तिघी जवळच्या बाकावर बसल्या. लायब्ररीताई त्या गृहस्थांची दोनदा माफी मागून आल्या होत्या आणि आता त्यांना हसू आवरत नव्हतं.

"अकरा वर्षं," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "अकरा वर्षं आम्हाला शेंड्या लावल्यात. आणि मी वेडी, घरी जाऊन नवऱ्याला सांगायचे. तो म्हणायचा, बघ, मावशींचं काळीज बघ."

शिवणबाई हसत नव्हत्या. "पण मी तुम्हाला दरवर्षी पाठवायची. दोन वाजता पोरं जेवायला बसली की मी बॅगांपाशी बसायची आणि तुम्हाला म्हणायची, जा, अर्धा तास फिरून या, त्या गाडीत बसा. तुम्ही जायचात. मी बघायची ना तुम्हाला जाताना."

"जायची ना. पहिल्या वर्षी रांगेतही उभी राहिले. फाटकापर्यंत पोचले. तिथल्या माणसाने हात बघितला आणि म्हणाला, पांढरा पट्टा चालत नाही. पांढरा म्हणजे मदतनीस. आत यायचं, पण कशात बसायचं नाही, कशात शिरायचं नाही. माझ्यामागे आपलीच दहावीची पोरं उभी होती, जेवण सोडून पळून आलेली. त्यांना म्हटलं, मला चक्कर येते रे, तुम्ही जा."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"काय सांगायचं? मी परत आल्या आल्या तुम्ही एवढ्या हौसेने विचारलंत, कसं वाटलं म्हणून. तोंडातून निघून गेलं. संध्याकाळी घरी लेकीने विचारलं, तिलाही तेच सांगितलं. एकदा सांगितल्यावर मग दरवर्षी बसावंच लागलं."

लायब्ररीताई हसायच्या थांबल्या. शिवणबाई आपल्या मनगटावरचा पट्टा बोटाने फिरवत होत्या.

"सहलीचा अर्ज मीच भरायची," त्या म्हणाल्या. "शेवटी एक रकाना असायचा. सोबतचे मदतनीस किती. दरवर्षी मी तिथे तुम्हाला धरून एक लिहायची. मला वाटायचं, असतो आपला एक रकाना."

"त्यावरून पट्टा ठरतो हे तुम्हाला कुठे माहीत होतं?"

"विचारायला हवं होतं."

मग शिवणबाई ताडकन उठल्या, जरा झुकल्या, बाकाचा आधार घेतला आणि म्हणाल्या, "चला. अजून दहा वेळा बसू. आजच्या आज अकरा पुरे करू."

"दहा?" मावशी म्हणाल्या. "बाई, मी काय शिक्षा भोगायला आले इथे?"

"पण ते अकरा..."

"गेलं ते गेलं. आता मागचं भरून काढायला बसले तर माझी हाडं गोळा करायला तुमचं लोहचुंबकही पुरायचं नाही." त्या उठल्या. "एकदा बसू. हौस म्हणून. पण पहिल्या डब्यात."

लायब्ररीताईंनी खाली थांबायचं ठरवलं. दोघी पुन्हा रांगेत उभ्या राहिल्या, पहिल्या डब्यासाठी दोन गाड्या सोडल्या आणि बसल्या. या वेळी मावशींनी दांडी स्वतः ओढली. माथ्यावर त्यांनी गच्ची शोधली, चादर आत गेली होती. गाडी कोसळली तशा त्या ओरडल्या. ओरडू नका रे, ओरडू नका, असं व्हरांड्यातून सत्तावीस वर्षं सांगणारा तो आवाज. खाली उभ्या असलेल्या लायब्ररीताईंना एवढ्या किंकाळ्यांत तो वेगळा ओळखू आला. उतरल्यावर मावशींचा घसा बसला होता आणि चेहरा लाल झाला होता.

"आता लेकीला काय सांगणार?" लायब्ररीताईंनी विचारलं.

"काय सांगायचं? बसले म्हणून सांगितलंच आहे," मावशी घोगऱ्या आवाजात म्हणाल्या.

निघायला अजून वेळ होता. शिवणबाई मधेच म्हणाल्या, "मग तो अर्धा तास तुम्ही कुठे जायचात?"

"चला, दाखवते."

मावशी दोघींना घेऊन रोलर कोस्टरच्या पाठीमागे गेल्या. तिथे पंपाची खोली होती, तिच्या मागे रिकाम्या कुंड्यांची रांग आणि एक बुटका सिमेंटचा कट्टा. चिटपाखरू नव्हतं. रूळ बरोबर डोक्यावरून जात होते.

"इथे बसायची. बसा, आता येईल."

गाडी आली. कट्टा हादरला, तिघींचे केस उडाले, एक किंकाळी डोक्यावरून गेली आणि विरली.

"वाईट वाटायचं का हो?" लायब्ररीताईंनी विचारलं.

"पहिल्या वर्षी वाटलं. पुढे नाही. वर्षातला एवढा अर्धा तास मला कुणी हाक मारायचं नाही. चपला काढून बसायची." मावशींनी तशाच चपला काढल्या आणि पाय लांब केले. "गाडी गेली की मनात म्हणायची, हा माझा दुसरा फेरा, हा तिसरा."

शिवणबाई त्यांच्याकडे बघत होत्या. "हात वर करा," त्या म्हणाल्या.

"का?"

"बाही उसवली आहे. काखेपासून कोपरापर्यंत. किती जोरात धरलीत ती दांडी?"

मावशींनी पाहिलं. खरंच उसवली होती. "राहू दे. घरी गेल्यावर घालीन टाके."

"गप्प बसा."

शिवणबाईंनी पर्समधून छोटी डबी काढली. त्या कट्ट्यावरून उतरल्या, नवी चांगली पँट घातलेली असताना खाली मातीत गुडघे टेकून बसल्या आणि मावशींचा हात आपल्या खांद्यावर घेतला. "बाई, अहो, खाली कुठे बसताय," असं मावशी म्हणत होत्या, पण हात त्यांनी ओढून घेतला नाही. लायब्ररीताईंनी दोरा ओवून दिला.

थोड्या थोड्या वेळाने गाडी डोक्यावरून जात होती. ती आली की कट्टा हादरायचा. मग शिवणबाई सुई हवेत धरून थांबायच्या आणि गाडी लांब गेली की पुढचा टाका घालायच्या, बारीक, एकसारखा.