तीस दिवस गैरहजर

जाईबाई मेथीच्या जुड्या बांधत होती आणि तिची नऊ वर्षांची संघप्रिया काड्या सारख्या करून देत होती, तेव्हा बांधावरून नंदकुमारसाहेब आले.

उलव्याच्या पल्याड, खाडीच्या अंगाला कासिमभाईंचा दहा गुंठ्यांचा तुकडा जाईबाईनं कसायला घेतला होता. विमानतळाच्या भरावाची धूळ पाल्यावर बसायची, खारा वारा सुटला की कोवळं पान करपायचं. तरी हिंगोलीकडून आलेली ही बाई हिवाळाभर मेथी काढत होती. नवरा इमारतींवर सेंट्रिंगच्या कामाला. शेताला लागून गावची शाळा, मधे नुसतं कुंपण. पण जुन्या शाळेचा दाखला नाही म्हणून दिवाळीपासून पोरीनं शाळा बाहेरूनच पाहिली होती.

नंदकुमार हे समितीचे सचिव. पंचायत, शाळा, बचत गट आणि एक कंपनी अशा चौघांनी मिळून गरिबांच्या लेकरांसाठी भागीदारीत ही समिती काढली होती. शाळाबाह्य मूल हुडकायचं, त्याला दप्तर-गणवेश द्यायचा आणि शाळेत बसवायचं. गावात असं मूल एकच सापडलं. साहेबांना एवढा आनंद झाला की त्यांनी पोरीला उन्हात उभी करून तीन फोटो काढले.

फक्त एक कागद हवा होता. मूल शाळेत येत नाही, असा गुरुजींचा दाखला.

नामदेव गुरुजी सरळ माणूस. ते म्हणाले, जी पोर माझ्या पटावरच नाही, ती येत नाही असं मी कसं लिहू? गैरहजेरी लागते ती पटावरच्या नावाची. नंदकुमारांनाही ते पटलं. दोघं तासभर एकमेकांचं बरोबर आहे म्हणत बसले. शेवटी पंचायतीकडून समितीवर असलेल्या कासिमभाईंनी तोड काढली.

"गुरुजी, जुना दाखला राहू दे, नाव पटावर चढवा. मग ती येत नाय ते रोज दिसंल."

नियम तीस दिवसांचा निघाला. सलग तीस दिवस गैरहजर, मग दाखला.

दुसऱ्या दिवसापासून गुरुजी नाव पुकारू लागले. कुंपणाअलीकडे पोरगी मान वर करायची आणि आई ओठावर बोट ठेवायची. नंदकुमार अधूनमधून येऊन विचारायचे, पोर शाळेकडं फिरकली नाही ना? एकदा बोरं वेचता वेचता ती फाटकाच्या आत गेली, तर साहेबांनी स्वतः हाताला धरून बाहेर आणली. पोर शाळेत जावी म्हणून तिला शाळेपासून राखायचं, हे काही जाईबाईच्या डोक्यात शिरेना. रेडा व्याला म्हणाले की खरवसाला वाटी घेऊन धावायचं, तसं झालं होतं.

अकराव्या दिवशी नाव पुकारलं आणि मेथीतून आवाज गेला, "हजर."

गुरुजींचा पेन थांबला. आवाज आला होता, पोर आली नव्हती. त्यांनी चौकट कोरी ठेवली आणि समितीला पत्र लिहिलं. समितीची बैठक बसली, चहा झाला, आणि ठरलं की आवाज म्हणजे अर्धा दिवस हजेरी. सलगता मोडली. तीस दिवस पहिल्यापासून मोजायचे.

हे सांगायला नंदकुमार बांधावर आले, तेव्हा जाईबाईनं हातातली जुडी खाली ठेवली. हाताचा चिखल पदराला पुसला आणि सरळ शाळेत गेली.

"गुरुजी, लेकराचं नाव पटावर हाय न्हवं?"

"आहे."

"मग पटावरच्या लेकराला आत बसाया काय लागतंय?"

गुरुजींनी हजेरीपट पुढून पाहिला, मागून पाहिला. "काही नाही," ते म्हणाले. "यावं आणि बसावं." बोलून झाल्यावर त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

संघप्रिया शाळेत बसली आणि नंदकुमार धावत बांधावर आले. दाखला मागाहून चालला असता, पण शनिवारी दप्तर-गणवेश द्यायला बेलापूरहून पाहुणे यायचे होते, फलक छापून झाला होता आणि गावात आता शाळाबाह्य मूलच उरलं नव्हतं. ते काकुळतीला येऊन म्हणाले, एवढा शनिवार पोरीला घरी ठेवा.

"लेकरू न्हाई मिळायचं, सायेब," जाईबाई म्हणाली. "पर मी हाय की. मी जलमात शाळेत गेले न्हाई."

नंदकुमारांनी फलक उलगडला. 'शाळाबाह्य लाभार्थी' एवढंच होतं. वय कुठं लिवलंय, असं कासिमभाईंनीही विचारलं.

शनिवारी धुवट लुगडं नेसून जाईबाई मंचावर उभी राहिली. पाहुण्यांनी तिच्या खांद्याला दप्तर अडकवलं, हातात नऊ वर्षांच्या मापाचा गणवेश दिला आणि कागदावरचा प्रश्न वाचला. मोठी होऊन कोण होणार?

जाईबाईनं खरोखरच विचार केला. "अजून ठरवलं न्हाई," ती म्हणाली. टाळ्या झाल्या.

घरी येऊन तिनं गणवेश लेकीच्या अंगाला लावून पाहिला. नीट बसला. दप्तरात दोन पेन्सिली निघाल्या. पोरीनं दोन्हींना हात घातला, तशी जाईबाईनं एक काढून घेतली आणि कनवटीला खोचली.

"ही ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "माझ्या नावावर मिळालीय."