ग्यानूसाठी पाणी

माझ्या पोराला, प्रेमानंदाला, हिंगोलीच्या हापिसात लोक साहेब म्हणतात. घरी आलं की तो साहेबपणा चपलांबरोबर दारात काढावा, एवढंच माझं म्हणणं. पण न्हाई. रविवारी आला, पाणी पिला, स्टुलावर चढला आणि माझ्या भावाच्या फोटोला चंदनाचा हार घालून मोकळा झाला. वर मला सांगतो, पौर्णिमेला भंतेजींना बोलावलंय, मामाचा जलदान विधी करून घेऊ. सांगतो. इचारत न्हाई.

आमच्या भिंतीवर फोटोंची रीत आहे. हारवाले डाव्या अंगाला: माझा बा सोनाजी, माझी माय, प्रेमानंदाचे वडील. बिनहाराचे उजव्या अंगाला: पुण्यातला नातू, नांदेडची लेक. माझा भाऊ चोपन्न वर्षं उजव्या अंगाला होता. पांढरा ड्रेस, खांद्यावर पट्टी, टोपी जराशी वाकडी. जन्माचं नाव ग्यानोबा. दीक्षा घेतली तेव्हा बानं शाळेत रत्नपाल लिहून दिलं, पण मी ग्यानूच म्हणायचे. घरात पाटी एकच होती. तो शाळेत जायच्या वयाचा झाला तेव्हा ती मी त्याला दिली आणि शेळ्यांमागं गेले. त्या पाटीवरून तो नौदलातला अफसर झाला.

एकदाच सुट्टीवर आला. वारंगा फाट्याला एसटीतून उतरला, बाबूसिंगच्या हाटेलात चहा प्याला. बाबूसिंगनं त्याचे कपडे पाहून इचारलं, "वरात कोन्त्या गावाची हाय?" बँडवाला समजला! घरी येऊन सांगताना ग्यानू इतका हसला की त्याला ठसका लागला. संध्याकाळी ओट्यावर बसून मी इचारलं, समुद्र कसा असतो रे? म्हणाला, "आक्का, नांगरलेलं वावर समज. पण चालणारं. सारखं आपल्याकडं येऊन राहतं, अन् पोचत न्हाई."

एकाहत्तरच्या लढाईत त्याचं जहाज बुडालं. तार आली, पोस्टमननं वाचून दाखवली: जहाज गेलं, तुमचा मुलगा सापडला नाही.

"सापडला न्हाई ना?" बा उठला. "मग शोधू."

आमची कयाधू नदी माणूस नेते आणि तिसऱ्या दिवशी कुठल्या तरी वळणावर आणून सोडते. बाला पाण्याची तेवढीच ओळख होती. तीन दिवस बा आणि मी काठाकाठानं चाललो. प्रत्येक वळणावर लव्हाळी बाजूला सारली, बाभळीच्या मुळ्यांत काठी घालून पाहिली. गुडघाभर पाणी. त्यात समुद्रात गेलेला माणूस कसा यावा? मला कळत होतं, तरी मीही काठी घालत होते. तिसऱ्या दिवशी बानं हात धुतले आणि म्हणाला, "अंग दिसल्याबिगर ग्यानूसाठी पाणी सोडायचं न्हाई." बा गेला तेव्हा तो शब्द माझ्याकडं आला. मागं नात आकांक्षानं नकाशा दाखवला. आमच्या नदीचं पाणी फिरत फिरत उगवतीच्या समुद्राला जातं, ग्यानूचं जहाज मावळतीच्या समुद्रात बुडालं. म्हणजे आम्ही शोधलं ते पाणी त्याला कधी भेटणारही नव्हतं.

जलदानात भंतेजी गाथा म्हणतात आणि घरचं माणूस तांब्यातलं पाणी वाटीत सोडत राहतं, वाटी भरून ताटात सांडेपर्यंत. मग ते माणूस गेलं, हे घरानं मानलं. मी मानलं नव्हतं.

"हार काढ," मी प्रेमानंदाला म्हणाले.

"माय, ऐंशीची झालीस तू."

"तुला मोजायला कुनी सांगितलं?"

सून शीतल मधी पडली, "आत्याबाई, मामांना किती दिवस असं ताटकळत ठेवायचं?"

"तू भाकरी बघ, करपून राहिली."

प्रेमानंद स्टुलावरून उतरला. हळू आवाजात म्हणाला, "मी मामाला पाह्यलं न्हाई. शीतलनं न्हाई, पोरांनी न्हाई. त्याला पाह्यलेलं आता तू एकलीच. तुझ्यामागं आमी पाणी सोडलं, तर ते फोटोसाठी सोडल्यावानी होईल."

मी त्याला दोन शिव्या दिल्या आणि अंगणात जाऊन बसले.

अंगणात शिजवलेली हळद वाळत घातली होती. कुंपणापर्यंत पिवळंच पिवळं. ऊन वर आलं होतं, शिजल्या हळदीचा वास जड होऊन डोळ्यांवर बसत होता. बघता बघता हळद हलायला लागली. आधी कडेला, मग मधी. वावर चालावं तशी ती माझ्याकडं यायला लागली, येत राहिली, पायांपाशी पोचेना. आणि तिच्यावरून ग्यानू आला. पांढरा ड्रेस ओला, पण थेंब खाली पडत नव्हता. हळदीवर पाऊल उमटत नव्हतं. बावीस वर्षांचं लेकरू, मिसरूडसुद्धा नीट न आलेलं. ओट्याकडं बघितलं, चुलीकडं बघितलं, गोठ्यात डोकावला. मग माझ्यापुढं वाकून अदबीनं इचारलं, "आजी, पद्माक्का कुठं हाय?"

"अरे, मीच की."

तो हसला. परक्या म्हाताऱ्या माणसाची गंमत ऐकून हसावं, तसा.

"मीच रे ग्यानू! पाटी कुनी दिली तुला?"

"घाईत हाय आजी. ती आली की सांगा, मी येऊन गेलो." एवढं बोलून तो पुन्हा गोठ्याकडं गेला, पुन्हा चुलीकडं. मी हाका मारत होते आणि तो माझ्याच अंगणात मला शोधत होता.

जागी झाले तेव्हा शीतल हळद पालथी करत होती. किती फेऱ्या मारल्या असतील त्यानं अशा? मी वाट बघत बसले, आणि ज्या पद्माक्काला भेटायला तो येतो ती केव्हाच म्हातारी होऊन गेली.

पौर्णिमेला भंतेजी आले. गाथा सुरू झाली. प्रेमानंदानं तांब्या उचलला, मी त्याच्या हातातून घेतला. धार तुटू दिली नाही. वाटी भरली, ताटात सांडली, ताटही भरत आलं. भंतेजी हळूच म्हणाले, "झालं, माय." मी तांब्या रिकामा होईपर्यंत ओतत राहिले. थोडं चटईवर सांडलं, सांडू दिलं.

प्रेमानंद माझ्या तोंडाकडं बघत होता, शाळेत मार खाऊन आल्यावर बघायचा तसा. बावन्न वर्षांचं घोडं, आणि डोळ्यांत पाणी. मी म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले:

"रडू नको. तुझा मामा बावीसचा, तू बावन्नचा. म्हंजी आता तू थोरला अन् तो धाकटा. थोरल्यानं धाकट्याचं करावंच लागतं, केलंस ते बराबर केलंस. पण माझ्या बारीला अशी घाई करशील, तर याद राख."