मल्लम्मा आजींची झाडलेली खोली

लातूरच्या आमच्या वृद्धाश्रमात खोल्यांची सगळी निगा माझ्याकडे. झाडणं, पुसणं, सैल झालेली कडी घट्ट करणं, गळक्या नळाला वायसर बसवणं. काम मला आवडतं, आणि माझ्या कामात कोणी हात घातला की माझं डोकं फिरतं.

मल्लम्मा आजी राहायला आल्या आणि नेमकं तेच सुरू झालं. मी झाडू घेऊन दारात जावं, तर खोली आधीच झाडलेली, फरशी ओली.

"झालंय गं पंचफुला, ऱ्हाऊ दे," एवढंच म्हणायच्या.

काही दिवस तशीच दारातून परत फिरले. मग मनात नको ते येऊ लागलं. आजी गळ्यात लिंग बांधणाऱ्या, रोज भस्म लावून पूजा करणाऱ्या, मी जयभीमवाली. माझा हात लागलेला चालत नसेल. असलं मी लहानपणी गावात पुष्कळ पाहिलंय. ठरवलं, तसं असेल तर या खोलीत पुन्हा पाय ठेवायचा नाही. पगारापायी अपमान गिळणारी मी नव्हे.

त्या दिवशी मुद्दाम लवकर गेले. आजी एका हाताने पलंग धरून, वाकून फरशी पुसत होत्या. मला बघून गडबडल्या आणि त्यांचा पाय घसरला. मी धावत जाऊन दंड धरला, त्यांना पलंगावर बसवलं आणि मग तोंड सोडलंच.

"माझ्या हातचं चालत न्हाई का तुमाला? सरळ सांगा. मी येनार न्हाई."

आजींनी हातातलं फडकं खाली ठेवलं. "काय बोलायलीस गं? तू येनार म्हनूनच झाडते की. घरी कोनी येनार असलं की घर झाडून ठेवावं लागतंय. हितं दुसरं कोन येतंय माझ्याकडं?"

इतके दिवस मी दारातूनच फणकाऱ्यानं परत फिरत होते. फार लाज वाटली.

"हाडं मोडून घ्यायचीत का?" आवाज अजून चढाच होता माझा. "उद्यापासून झाडायचं मी."

"आन मी काय करू?"

"मी आले की बस म्हनायचं."

"मग बस की."

मी खुर्ची ओढून बसले. आजींनी आपल्या तांब्यातलं पाणी आपल्याच पेल्यात ओतून माझ्या हातात दिलं. मी पेला ओठाला लावला आणि सगळं पाणी प्यायले.